मध्यंतरानंतरची बाजू

क्लिफर्डने चौथा बटाटा सोलून पाण्यात टाकला आणि सुरी फडक्याला पुसली. त्याची बायको ऑड्री सोलायची तेव्हा साल कागदासारखी पातळ निघायची. त्याच्या सालीबरोबर पाव बटाटा जात होता.

टेबलाशी फर्गस बसला होता. सामन्याच्या दिवशी सकाळी त्याला दोन उकडलेली अंडी आणि टोस्ट लागायचा. एक अंडं अजून तसंच होतं.

"खा की ते."

"जात नाहीये, अंकल."

"काल रात्रीचंही गेलं नाही तुला."

"तसं नाही हो. बरं होतं कालचं."

"खोटं बोलू नकोस. मीही तेच खाल्लं होतं."

फर्गस जरासा हसला आणि अंडं बशीत एकदा गोल फिरवून ठेवलं. एकोणीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी तो स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या एका मासेमारीच्या बंदरावरून आला होता. फुटबॉल क्लब अशा पोरांना गावातल्या घरांत जेवायला-राहायला ठेवायचा. क्लिफर्ड आणि ऑड्रीला मूल नव्हतं आणि वरची खोली रिकामी होती. पहिल्या वर्षी फर्गस मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचा आणि राखीव संघातून खेळायचा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला पहिल्या संघात घेतलं, उजव्या कडेला. डिसेंबरपर्यंत गावातली लहान मुलं रस्त्यात त्याच्यासारखं खांदा पाडून पळायला लागली होती.

फेब्रुवारीत ऑड्री गेली. त्यानंतर फर्गसचा खेळ उतरला.

"सोमवारी यादी लागेल," फर्गस म्हणाला. "ज्यांना ठेवणार त्यांची. नाव नसलं तर मंगळवारची गाडी धरतो. भाऊ म्हणतोय, बोटीवर एक माणूस कमी आहे."

"आजचा सामना आहे ना अजून."

"एका सामन्यानं काय होतंय?"

"तुझा साहेब काय म्हणाला?"

"म्हणाला, आज तुझा खेळ मला पूर्ण नव्वद मिनिटं बघायचाय. पंचेचाळीस नकोत."

क्लिफर्डने पाचवा बटाटा उचलला. त्यालाही ते दिसलं होतं. पहिल्या हाफमध्ये पोरगा बरा खेळायचा. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू आला की समोरच्या माणसाला चुकवून जायचं सोडून मागे देऊन टाकायचा, हातात गरम भांडं आल्यासारखा.

"दुसऱ्या हाफमध्ये दमतोस का तू?"

"नाही." फर्गसने बुटांची पिशवी उचलली. "तिकडची बाजू परकी वाटते. कसं सांगू?"

दारात तो थांबला.

"संध्याकाळी काय आहे, अंकल?"

"बघू. करतो काहीतरी."

गेल्या अडीच महिन्यांत दर शनिवारी तो जाताना हेच विचारायचा. क्लिफर्डला वाटायचं, पोरगा रीत पाळतोय. फर्गसने मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

*

क्लिफर्ड आणि ऑड्रीची जागा मैदानाच्या अलीकडच्या कडेला, खालून तिसऱ्या पायरीवर होती. पहिल्या हाफमध्ये फर्गस याच कडेने धावायचा, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलायचे, आणि उजव्या कडेचा खेळाडू समोरच्या, कालव्याकडच्या अंगाला जायचा. मध्यंतराची शिट्टी झाली की ऑड्री थर्मास क्लिफर्डच्या हातात द्यायची.

"येते रे."

असं म्हणून ती गोलच्या मागून पूर्ण वळसा घालून पलीकडे जायची. राखीव संघाच्या सामन्यांनाही जायची, जेव्हा अख्ख्या मैदानावर साठ माणसं असायची, पावसात. क्लिफर्ड जायचा नाही. तीस वर्षं बसचा क्लच दाबून डावा गुडघा गेला होता, आणि चहा गरम होता. सामना संपल्यावर दोघं फाटकापाशी भेटायची. ती तिथे काय करते हे त्यानं कधी विचारलं नाही. पोरावर तिचा जीव होता, तेवढं त्याला पुरत होतं.

तो जीव कधी जडला, तेही त्याला माहीत होतं. पहिल्याच हिवाळ्यात एका दुपारी फर्गस पेटी घेऊन न सांगता स्टेशनवर गेला होता. शेजारणीने ऑड्रीला सांगितलं. तासाभराने क्लिफर्डने स्टेशनच्या थांब्यावर बस उभी केली, तर दोघं चढली. पुढे पेटी घेतलेला फर्गस, डोळे लाल. मागे ऑड्री. तिनं नवऱ्याला ओळख दाखवली नाही.

"दोन द्या," असं एखाद्या परक्या ड्रायव्हरला म्हणावं तसं म्हणाली, आणि मागे जाऊन बसली. क्लिफर्ड घरापर्यंत आरशात बघत होता. ती पोराला काहीतरी सांगत होती, बोटांवर मोजत मोजत. पोरगा ऐकत होता. चौथ्या बोटाला तो हसला.

काय मोजत होतीस, हेही त्यानं विचारलं नव्हतं. आता वाटायचं, किती गोष्टी आपण उद्यावर ठेवल्या.

मध्यंतराची शिट्टी झाली. शून्य-शून्य. फर्गसने दोनदा बरी धाव घेतली होती. खेळाडू आत गेले. क्लिफर्डच्या एका हातात थर्मास होता आणि दुसरा मोकळा. तिकडची बाजू परकी वाटते, असं पोरगा म्हणाला होता.

त्यानं थर्मासमधला चहा पायरीवर ओतून टाकला आणि निघाला.

गोलच्या मागे चिखल होता. लोक चहाच्या रांगेत उभे होते, त्यांच्यातून वाट काढावी लागली. अर्ध्यावर गुडघा दुखायला लागला. तो खांबाला धरून थोडा उभा राहिला. ही बाई अंगात ताप असला तरी इथून चालत जायची, आणि फाटकापाशी भेटल्यावर म्हणायची, तुझा चहा थंड झाला असेल. खरं तर थंड तिचाच झालेला असायचा.

कालव्याकडच्या बाजूला कठड्यापाशी गर्दी होती. सगळीकडे माणसाला माणूस लागून उभा होता. मधेच एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिच्या शेजारी निळ्या स्कार्फची एक जाडी बाई कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"आलास एकदाचा," ती म्हणाली. "ये. उभा राहा."

"मी..."

"क्लिफर्ड ना तू? मी डॉरीन. लंगडतोस, टोपी कानापर्यंत, आणि तोंड बस चुकल्यासारखं. ती सांगायची अगदी तसाच आहेस."

"बस चुकली नाही कधी," क्लिफर्ड म्हणाला. "मीच चालवायचो."

"हेही सांगायची. असंच उत्तर देशील म्हणून."

पलीकडचा एक म्हातारा वाकून म्हणाला, "फेब्रुवारीपासून या बाईनं इथं कुणाला पाय ठेवू दिलेला नाही. मागच्या वेळी पाहुण्या संघाचा एक धट्टाकट्टा माणूस आला होता. कोपरानं बाजूला केला."

"त्याला सांगितलं होतं मी आधी नीट," डॉरीन म्हणाली.

क्लिफर्ड त्या जागेत उभा राहिला. कठड्याचा रंग एका ठिकाणी, दोन हातांएवढा, उडाला होता. त्यानं तिथे हात ठेवले नाहीत. थोडे बाजूला ठेवले.

संघ मैदानात आले. फर्गस खाली मान घालून या अंगाला येत होता.

"चल, सांग त्याला," डॉरीन म्हणाली.

"काय सांगू?"

डॉरीनने त्याच्याकडे पाहिलं. "तुला माहीत नाही?"

"मी तिकडे असायचो."

"अरे, जेवायला काय आहे ते! ती इथून ओरडून सांगायची, दर सामन्याला. पोरगा स्टेशनवर पळून गेला होता ना, तेव्हापासून. म्हणायची, खेळ कसाही होवो, संध्याकाळी काय मिळणार ते माणसाला ठाऊक पाहिजे. चांगला खेळत असला तर भाजलेलं बीफ. रडतखडत खेळत असला तर कलेजी."

"कलेजी?" क्लिफर्ड म्हणाला. "आमच्याकडे कलेजी शिजतच नाही. मला वासानं मळमळतं."

"ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "पोरालाही."

खेळ सुरू झाला होता. पाचव्या मिनिटाला चेंडू फर्गसकडे आला. समोर त्याला अडवायला एक टकला, रुंद बॅक होता. फर्गसने त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू मागे दिला. पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं, "पाठव त्याला मासे धरायला." पुन्हा आला, पुन्हा मागे दिला. पलीकडे बाकावर साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं.

घरी पातेल्यात पाच बटाटे होते. त्यांचं काय करायचं हे क्लिफर्डला माहीत नव्हतं. अडीच महिने तो पोराला "बघू" म्हणत होता.

चेंडू बाहेर गेला, कठड्यापासून चार हातांवर. फर्गस थ्रो टाकायला आला आणि पाठमोरा उभा राहिला.

क्लिफर्डने तोंड उघडलं. मग त्यानं, शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या उतारूंना उठवायचा तसा, पोटातून आवाज काढला.

"कलेजी!"

आजूबाजूच्या दहा-बारा माना वळल्या. टकल्या बॅकनेही पाहिलं. फर्गसचे चेंडू धरलेले हात डोक्यावर तसेच राहिले. मग त्यानं हात खाली घेतले. चेंडू जर्सीला पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. पंचाने घाई करायची खूण केली.

"कांदा घालून?" फर्गसने मागे न बघता विचारलं.

"कांदा घालून," क्लिफर्ड म्हणाला.

फर्गसने थ्रो टाकला, परत आलेला चेंडू पायाशी घेतला आणि थांबला. टकला बॅक समोर पाय फाकवून उभा होता. फर्गसने डावा खांदा पाडला.

पायऱ्यांवरचे लोक पुढे झुकले. डॉरीनने क्लिफर्डची बाही पकडली आणि सोडली नाही. क्लिफर्डला सगळं नीट दिसत नव्हतं. त्यानं चष्मा काढला, टोपीला पुसला, पुन्हा चढवला, तोवर पोरगा कालव्याच्या कोपऱ्याकडे बराच पुढे गेला होता आणि टकला बॅक मागून धावत होता.

"डॉरीन," तो म्हणाला.

"बघ ना तिकडे!"

"बघतोय. खाटीक किती वाजता बंद करतो?"