पायऱ्यांचा रकाना

फिजिओथेरपी विभागाच्या मुख्य बाईंना पेशंटची सगळी माहिती एक्सेलमध्ये हवी होती. "तुमच्या त्या डेटाबेसमध्ये शिरलं की माझी वाटच चुकते," असं त्यांचं म्हणणं.

दोन्हींची जोडणी करायचं काम धाकटीकडे आलं. तिचे वडील याच विभागात तीस वर्षं थेरपिस्ट होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. म्हणून कॉम्प्युटरच्या कामावर लागलेल्या तिला सगळे धाकटीच म्हणत.

डेटाबेसमधली प्रत्येक नोंद म्हणजे सुटा कागद. कुणावर दहा गोष्टी लिहिलेल्या, कुणावर पंधरा. एक्सेलला मात्र सगळ्यांसाठी सारखेच रकाने लागतात. जोडणारा प्रोग्रॅम पहिल्या शंभर नोंदी चाळून रकाने ठरवत होता. धाकटीने त्याला सगळ्या नोंदी वाचायला लावल्या, तेव्हा अगदी उजव्या टोकाला एक नवा रकाना उगवला: 'पायऱ्या'. जवळजवळ रिकामाच. साठेक ओळींत तेवढे नुसते आकडे, आणि त्या सगळ्या नोंदी बाबांनी केलेल्या.

बाबांचा हा घोळ निस्तरायचा म्हणून ती रकाना लपवणारच होती. पण राहवेना, तिने घरी फोन लावला.

"घरापर्यंतच्या पायऱ्या त्या," बाबा म्हणाले. "लिफ्ट नसलेल्यांच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने आधी तेवढ्या उतरायच्या, तिथे येऊन व्यायाम करायचा आणि परत चढायच्या."

"मग कुणाला सांगायचं ना."

"सांगितलं होतं, एका मीटिंगमध्ये. कुणी मनावर घेतलं नाही. मग नुसतं लिहीत गेलो."

फोन ठेवून तिने पायऱ्यांच्या क्रमाने यादी लावली. चाळीसच्या वर पायऱ्या असलेले एकोणीस जण होते. त्यांतल्या चौदा जणांनी दोन-तीन वेळा येऊन उपचार सोडले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात चौदाही ठिकाणी एकच वाक्य होतं: पेशंटला गांभीर्य नाही.

तिने बाईंना बोलावलं. बाईंनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

"हे शेरे माझेच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "फोन नंबर काढ सगळ्यांचे."

फोन त्यांनी स्वतः केले. दोघांनी गाव सोडलं होतं, एक आजोबा वारले होते, दोघे तोडून बोलले. नऊ जण हो म्हणाले. आठवड्यातून दोनदा एका थेरपिस्टने घरी जायचं ठरलं. जुने शेरे बाईंनी पुसले नाहीत. प्रत्येकाखाली 'माझी चूक' असं लिहून तारीख घातली.

संध्याकाळी धाकटीने हे सगळं बाबांना सांगितलं. आता ते खूश होतील, असं तिला वाटलं होतं. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"मी एकदाच बोललो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बोलायला काय हरकत होती मला?"

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.