मडगार्डखालची मातीची गोळी

डोळे मिटा पाहू क्षणभर. एक पिकअप गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, हौद्यात पेंढ्यात बसवलेली मातीची भांडी. आता गाडीच्या पोटाखाली एक दगड ठेवा. गाडी पुढे सरकते आणि... खर्रर्र! आला ना अंगावर काटा?

फूटपट्टीच्या अंगावर तो दर खेपेला यायचा. फूटपट्टी म्हणजे नऊ वर्षांची पोर. दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून आईनंच हे नाव ठेवलेलं. आई भांडी घडवायची. बाबा खाणीतून माती आणायचे आणि भांडी पोचवायचे. खाणीच्या वाटेत तो दगड होता, पहारीलाही दाद न देणारा.

जुने टायर गुळगुळीत झाले, तेव्हा बाबांनी मनाशी पक्कं केलं, आता मोठेच टायर घ्यायचे. दगडाची मिजास उतरवायची.

"दादा, आधीच सांगतो," टायरवाले काका म्हणाले, "टायर एकदा चढवला की मी परत घेत नाही. पुढची तीन वर्षं त्याच्याशीच संसार. पण दुकानात दोन मोठ्या मापांचं एकेक तयार चाक आहे. ती लावून बघा, मग बोला."

फूटपट्टी टायरवरचे आकडे वाचत उकिडवी बसली होती. "काका, आमचा दोनशे पंधरा, हा दोनशे पस्तीस आणि हा दोनशे पासष्ट. म्हणजे काय?"

"ती रुंदी, मिलीमीटरमध्ये. पुढचा पंच्याहत्तर म्हणजे रुंदीच्या शंभर भागांतले पंच्याहत्तर भाग रबराची उंची. शेवटचा पंधरा म्हणजे मधल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांत."

पोरीनं खडूनं फरशीवर गणित मांडलं. "बाबा, मधल्या टायरनं चाक तीन सेंटिमीटरनं वाढतं, पण गाडी उचलली जाते दीडच!"

"का गं? उरलेलं काय उंदरानं खाल्लं?"

"चाक वरही वाढतं ना! खालचं निम्मंच आपल्या कामाचं."

"मग मोठाच घेऊ," बाबांनी मिशीवर ताव दिला. "तुझ्याच गणितानं गाडी पावणेचार सेंटिमीटर उचलली जाईल!"

काकांनी जॅक लावून मोठं चाक पुढे बसवलं. बाबांनी स्टीअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. कुठे घासलं नाही. मग तेच चाक मागे लावलं. वर मडगार्डपर्यंत बोटभर जागा राहिली.

"बघा, कसं चपखल बसलंय!" बाबा खूश झाले. "गाडी कशी रुबाबदार दिसतेय!"

फूटपट्टी त्या बोटभर जागेकडे पाहत होती. तिला आईची भट्टी आठवत होती. भट्टीत भांड्यांच्या वर, चार खुंटांवर भाजक्या मातीची फळी ठेवताना आई आधी एका भांड्याच्या काठावर ओल्या मातीची गोळी ठेवायची, फळी हळूच टेकवायची आणि परत उचलायची. गोळी चेपली तर भांडं फळीला लागणार, ते खाली उतरवायचं. डोळ्यांपेक्षा गोळीवर आईचा जास्त भरवसा.

पोरीच्या खिशात माती नेहमीच असायची. तिनं तीन गोळ्या वळल्या आणि मडगार्डच्या आतून, चाकाच्या अगदी डोक्यावर चिकटवल्या.

"हे काय, गाडीला लाडू?" बाबा हसले.

"बाबा, आपण रिकामे कधी जातो?"

बाबांचं हसू जागच्या जागी थांबलं. माती भरली की मागच्या चाकांवरचे पाटे, त्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, हौदा खाली बसतो, हे त्यांनाच तर रोज दिसत होतं.

"चढा रे सगळे!" काकांनी हाळी दिली. दुकानात थांबलेली गिऱ्हाइकं, शेजारचा सुतार, त्याचा जाडजूड भाऊ, सगळे हौद्यात चढले. वर जुन्या रिमांचा ढीग रचला.

"माझं वजन कुणी विचारायचं नाही हं," भाऊ म्हणाला.

"विचारतंय कोण? पाटेच सांगतायत!" सुतार म्हणाला.

बाबांनी मुंगीच्या पावलानं गाडी दुकानासमोरच्या उंचवट्यावरून नेली. धप्प! फूटपट्टी वाकली. तिन्ही गोळ्या चपात्या झाल्या होत्या आणि त्यांवर टायरची नक्षी स्पष्ट उमटली होती.

बाबांनी एक चपटी गोळी तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली. "म्हणजे भरल्या गाडीत टायरच चिरला असता," ते हळूच म्हणाले. "आणि भांड्यांचं काय झालं असतं, ते वेगळंच."

मग मधलं चाक लावलं. नव्या गोळ्या चिकटवल्या. तीच माणसं, तोच उंचवटा, तोच धप्प. गोळ्या गोलच्या गोल!

"याच मापाचे चार टायर द्या," बाबा म्हणाले. तरी जाताना त्यांनी मोठ्या चाकाकडे एकदा मागे वळून पाहिलंच. "दीडच सेंटिमीटर... दगड ऐकेल का गं?"

"दगडाला विचारू," फूटपट्टी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती भरून खाणीतून परतताना दगड आला. पोरीनं गाडी थांबवायला लावली, उतरली, आणि दगडाच्या माथ्यावर एक गोळी ठेवली. बाबांनी गाडी हळूहळू वरून नेली. खर्रर्र झालं नाही. गोळीच्या शेंड्यावर जेमतेम नखाएवढा सपाट ठिपका उमटला होता.

"अगं, घासता घासता वाचलं की!" बाबा खिडकीतून मागे वाकून बघत ओरडले. "चल, बस आता!"

पण फूटपट्टी बसली नाही. तिनं गोळी उचलली, पुन्हा नीट गोल केली आणि वाटेतल्या पुढच्या दगडाकडे धूम ठोकली.