शहाऐंशीची पेनल्टी

मुठाकाठ ग्रामीण फुटबॉल लीगचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण हडपसरहून सदाशिव पेठेपर्यंत वाटेत जेवढे लिहिते लोक लागले, त्या सगळ्यांनी नाही म्हटलं. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. कळत असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं.

लीगमध्ये आजवर अकरा क्लब होऊन गेले. त्यातले सात आपणच सर्वांत जुने असं शपथेवर सांगतात. एक क्लब गणपतीच्या मिरवणुकीतल्या भांडणातून निघाला आणि दुसरा त्या भांडणाच्या समेटातून. दुसरा लवकर मोडला. ‘नवतरुण’ नावाच्या क्लबात आज सर्वांत लहान खेळाडू बावन्न वर्षांचा आहे. हे सगळं मी निमूटपणे लिहून घेतलं. पण विजेत्यांच्या यादीत १९८६ समोरची जागा कोरी होती, आणि कोरी जागा मला खपत नाही.

मी तेव्हाचे रेफरी बद्रीनाथकाका यांना गाठलं. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, कागद टाकणारा नव्हे. त्यांनी वही काढली. अंतिम सामना, वाघजाई क्लब विरुद्ध कालवा बॉईज. बरोबरी, एक-एक. शेवटच्या मिनिटाला वाघजाईला पेनल्टी. निषेध म्हणून एका प्रेक्षकाने चेंडू कालव्यात फेकला. खाली ठळक अक्षरांत: ‘सामना चेंडू आल्यावर पुढे.’

“मग?” मी विचारलं.

“चेंडू आला नाही.”

“अहो, दुसरा आणायचा!”

“लीगचा चेंडू एकच होता,” काका शांतपणे म्हणाले. “आणि मी लिहिलं होतं, चेंडू आल्यावर.”

पुस्तक छापायला जायच्या आधी नवा चेंडू आणून ती पेनल्टी घेऊन टाकायची, असं लीगच्या समितीनं ठरवलं. मारणारा महिपती आणि गोलकीपर बाबुराव, दोघंही हयात होते. महिपती तर ऐकून उभाच राहिला. “एकोणचाळीस वर्षं पाय शिवशिवतोय सर,” तो म्हणाला. “डाव्या कोपऱ्यात मारणार. तवाच ठरलं हाय.”

अडचण एकच होती. मधल्या काळात महिपतीची मुलगी निकिता बाबुरावच्या संतोषला दिली होती. आता मुलीच्या बापानं व्याह्याला गोल मारायचा कसा? महिपतीच्या बायकोनं, मुक्ताईनं, मला फोन करून झाडलं. “लग्नात त्यांच्या पंगतीला पापड उशिरा गेला, ते मी अजून ऐकतेय. त्यात आता गोल! तुम्हाला पुस्तक लिहायला दुसरा विषय नव्हता का?”

होता, पण आता फार उशीर झाला होता.

रविवारी सकाळी मैदानावर दोनेकशे माणसं जमली. बाबुराव दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून गोलात उभा. महिपती आला तो पायांत बूट आणि हातात टॉवेल, टोपी, नारळ घेऊन. व्याह्यांसमोर रिकाम्या हातानं जायचं कसं? त्यानं गोलाच्या रेषेवर बाबुरावला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, नारळ दिला, गळाभेट घेतली. बाबुरावनं नारळ खांबापाशी ठेवला. टोपी मात्र राहू दिली. काकांनी शिट्टी वाजवली.

महिपतीनं मुक्ताईकडे पाहिलं आणि चेंडू मारला. तो गोलाच्या इतका बाहेर गेला की चहावाला खाली वाकला. मला फुटबॉल कळत नाही, पण मुद्दाम केलेली चूक कळते. मुक्ताईनं सुटकेचा श्वास सोडला. महिपती मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बाबुराव ओरडला, “रेफरी! परत घ्या! मी रेषेच्या पुढं आलो होतो!”

“नव्हता आलात,” काका म्हणाले.

“आलो होतो म्हणतोय ना! गोलकीपर मी हाय का तुम्ही?” मग तो महिपतीकडे वळला. “व्याही, एकोणचाळीस वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलोय की ती मी अडवलीच असती. आणि तुम्ही मला भीक घालताय व्हय?”

सासरच्या बायकांमध्ये बसलेली निकिता उठली. “बाबा, माझ्या सासरी मला काही होत नाही. नीट मारा!”

मुक्ताईनं डोळे मिटून घेतले. महिपतीनं चेंडू पुन्हा ठेवला, चार पावलं मागे गेला आणि मारला. डाव्या कोपऱ्यात. बाबुरावनं त्याच बाजूला झेप घेतली. म्हणजे तो त्या बाजूला हळूहळू आडवा झाला. तोवर चेंडू जाळीत पोचून थांबलाही होता. वाघजाईची पोरं नाचत आत शिरली. महिपती मात्र नाचला नाही. तो पळत बाबुरावकडे गेला, त्याची टोपी झटकून परत डोक्यावर ठेवली आणि दोघं एकमेकांना धरून उठायचा प्रयत्न करू लागले. तिसऱ्या खेपेला जमलं.

मी वही उघडली. १९८६, विजेते वाघजाई, दोन-एक. महिपती धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसला.

“सर, त्यात एक घाला. चेंडू व्याह्यांच्या बोटांना लागून गेला.”

“दोन हात लांबून गेला. मी पाहिलं.”

त्यानं पलीकडे बघितलं. बाबुराव चहाचा कप धरून नातवाला काहीतरी दाखवत होता, हात पूर्ण ताणून.

“घाला हो सर,” महिपती म्हणाला.

मी लिहिलं: बोटांना लागून.