पुढच्या स्लाइडवरचं नाव

श्रद्धा लिंक्डइनसाठी कॅरोसेल बनवायची. म्हणजे लोकांच्या यशापयशाचे आठ-दहा तुकडे करायचे आणि एकेका स्लाइडवर मांडायचे. त्यातली मेख एकच. स्लाइड अशा जागी तोडायची, की वाचणाऱ्याने झक मारत पुढची उघडली पाहिजे.

रविवारी सकाळी धायरीच्या फ्लॅटमध्ये तिच्या नवऱ्याने, दिग्विजयने, लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

"जरा बघ ना. मागच्या पोस्टवर लोक तिसऱ्या स्लाइडलाच गळाले."

पहिली स्लाइड होती: 'आम्ही आमची मुलगी गमावली. त्यातून मी लीडरशिपबद्दल काय शिकलो?'

श्रद्धाच्या हातातला चहा तसाच राहिला. सातव्या महिन्यात पोटातच गेलेल्या त्या लेकीबद्दल या बाबाने चार महिन्यांत घरात अवाक्षर काढलं नव्हतं. हॉस्पिटलमधून आल्यावर तिसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात हजर. ती रडायला लागली की हा उठून गॅलरीत. आणि इथे चांगल्या दहा स्लाइड! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती वाचत राहिली. तोंडाने नाही तर नाही, असं का होईना, त्याचं दुःख तिला एकदा बघायचं होतं. एकटीने रडून रडून ती थकली होती.

सहाव्या स्लाइडच्या तळाशी लिहिलं होतं: 'कुणालाच माहीत नाही, पण मी तिचं नाव ठरवलं होतं. ते नाव होतं…' आणि पुढे बाण.

श्रद्धाला भडभडून आलं. म्हणजे यालाही ती हवी होती! आपण उगाच याला दगड म्हणत राहिलो. तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

सातव्या स्लाइडवर नुसताच रिकामा चौकोन होता.

"नाव कुठेय?" तिने विचारलं.

"अगं, ठरवलं कुठे होतं? ते हुक म्हणून टाकलंय, लोकांनी पुढची स्लाइड उघडावी म्हणून. तूच सुचव ना एखादं. छोटंसं हवं, मोठ्या फाँटमध्ये बसेल असं."

श्रद्धाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. मुलगीच होणार असं मनाशी धरून, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, पाच महिने ती ज्या नावाने पोटाशी बोलत होती, ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. अवनी.

"नाही सुचत," ती म्हणाली.