खिशातला रोटर

माझ्या पँटच्या खिशात गाडीचा रोटर होता, आणि गाडी चालू का होत नाही हे शोधायला मी बाबांना मदत करत होतो.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली तो फिरला तरच ठिणगी प्लगपर्यंत पोहोचते. सकाळी मीच तो काढला होता. मागच्या आठवड्यात बाबांनी शेजाऱ्यांच्या बंद फाटकासमोर हॉर्न वाजवला आणि ते उघडलं असं समजून गाडी आत घातली. फाटकही बरोबर आत गेलं. आई म्हणाली, "त्यांना नीट दिसत नाही आता. गाडी सोडा म्हणून तू सांग, तुझं ऐकतील." माझं या घरात टीव्हीचा रिमोटही ऐकत नाही. सांगण्यापेक्षा रोटर काढणं सोपं वाटलं.

"बॅटरी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "टॉर्च इंजिनावर धर रे दिवट्या, माझ्या नाकात काय शोधतोयस?"

"पेट्रोल येत नसेल," मी म्हणालो.

त्यांनी नळी काढून तोंडाने ओढली आणि थुंकले. "येतंय."

"मग कार्ब्युरेटर?"

त्यांनी तो सोडवला, पुसला, परत बसवला. एक स्क्रू गाडीखाली पडला. सत्तरीचा माणूस पोटावर सरपटत आत गेला. मी वरून "थोडं डावीकडे, बाबा" म्हणत होतो.

"तू आहेस म्हणून बरं," ते खालून म्हणाले.

त्यांच्या जागी मी गाडीखाली असावं असं वाटलं. गाडी चालू असताना.

मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. बोटं आत गेली आणि थांबली.

"रोटर नाही."

"अरेच्चा," मी म्हणालो.

"पूर्वी चोराच्या भीतीने मी रोज काढून ठेवायचो. कालही काढला असणार. आठवतच नाहीये बघ." त्यांनी सगळे खिसे चाचपले, मग मोजेसुद्धा. "आईला सांगू नकोस. डोळे गेले, आता डोकंही गेलं म्हणेल."

खरं बोलायची वेळ हीच होती. मी रोटर गुपचूप हत्यारांच्या पेटीत टाकला आणि ओरडलो, "सापडला!"

बाबांनी तो मुठीत घेतला. बराच वेळ मूठ उघडली नाही.

"गरम आहे."

"पेटीला ऊन लागलं असेल."

"पेटी सावलीत आहे."

मी टॉर्च बंद केला. मग पुन्हा लावला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी रोटर बसवला, चावी फिरवली. गाडी पहिल्या दमात सुरू झाली. ते उतरले, बॉनेटला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"बाबा, ते आई म्हणाली..."

"आईला मध्ये आणू नकोस. तोंड आहे ना तुला? सांगायचंस. मी ऐकलं नसतं, ते वेगळं. चालव आता."

मी स्टिअरिंगमागे बसलो. सीटला त्यांच्या पाठीचा खळगा होता, मी त्यात नीट बसलो नाही, नुसताच बुडालो. क्लच सोडला. गाडीने गचका दिला आणि बंद पडली.

बाबा समोरच बघत होते.

"आता काय काढलंस?"