नऊ नंबरचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे, आणि तोही एकटा, डाव्या पायाचा. माझा जोडीदार, उजवा, आज माझ्याजवळ नाही. तो कुठे आहे हे मला ठाऊक आहे. ती जागा आठवली की माझ्या रबरावर आजही काटा येतो.

आम्हा दोघांचा जन्म एकाच कारखान्यात, एकाच दिवशी झाला. गरम काळं रबर साच्यात ओतलं, थंड केलं आणि तळव्यावर आकडा उठवला : नऊ. त्या आकड्याचा आम्हाला केवढा अभिमान! मोठं ते चांगलं, अशी आमची भाबडी समजूत होती. मग आमची रवानगी झाली पूरनियंत्रण कार्यालयाच्या भांडारात. तिथे तीन वर्षं आम्ही फळीवर नुसते पडून होतो. उजव्याच्या पोटात कोळ्याने संसार थाटला. आपल्याला कधी कुणी नेणारच नाही, या भीतीने मी झुरत असे. खरी भीती कशाला म्हणतात ते मला तेव्हा कुठे माहीत होतं!

एके दिवशी कार्यालयात नव्याने लागलेल्या इंजिनियर ताई आल्या. अंगाने लहानखुऱ्या आणि आवाजाने त्याहून लहान. आम्हाला उलटं करून त्यांनी तळवा पाहिला.

"पाच नंबरचे नाहीत का हो?"

"बाई, पूर काय पायाचा नंबर विचारून येतो?" भांडारवाला म्हणाला. "आहेत ते न्या. तेही संपतील."

ताई हसल्या. नोकरीचा पहिलाच आठवडा होता, हसल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी आपल्या लेकीचा एक जुना फ्रॉक फाडला आणि त्याच्या चिंध्या आमच्या पुढच्या टोकात कोंबल्या. फ्रॉक पिवळा होता, त्यावर लाल चेरी होत्या. चार वर्षांची छोटी शेजारी बसून आपल्या चेरी कुठे जातायत ते पाहत होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी आमची गत. ताई चालू लागल्या की आम्ही फटक फटक वाजायचो.

त्यांनी तक्रार का केली नाही, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण होतं. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दाराआडून साहेबांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. "बाईमाणसाला बांधावर पाठवायचं म्हणजे आपल्याच डोक्याला ताप." त्या दिवसापासून ताईंनी ओठ शिवून घेतले. पाय दुखला, ठीक आहे. भूक लागली, ठीक आहे. त्यांचं गुपित मी माझ्या पोटात ठेवलं. आज वाटतं, ठेवायला नको होतं.

त्या गावात काही बायका होत्या. स्वतःला त्या पाठराखणी म्हणवत. त्यातली एकही कार्यालयात नोकरीला नव्हती. सगळ्यात पुढे होत्या सिस्टरमावशी, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. ताईंच्या आधीची इंजिनियर भर पुरात लेकराला कुणाकडे ठेवू, म्हणून नोकरी सोडून गेली, हे मावशींच्या जिवाला लागलं होतं. म्हणून त्यांनी एक साखळी बांधली. नदीवर, पंपघरात, बांधावर काम करणाऱ्या प्रत्येक बाईमागे दोघीजणी. एक तिचं घर सांभाळणार, दुसरी फोन. ताईंच्या छोटीला टेलरकाकूंनी आपल्या दुकानात ठेवून घेतलं. फोन मावशींनी स्वतःकडे घेतला. आणि गरज पडेल तिथे धावायला टेम्पोवाली वहिनी होतीच. तिच्या टेम्पोत एक लांब फळी आणि दोर कायम पडलेला असे. यांना पगार नव्हता, आणि शाबासकीच्या नावानेही शंखच.

मावशींचा नियम एकच, पण कडक. पाणी चढू लागलं की दर पाव तासाने त्या फोन करत. बांधावरच्या बाईने नदीकाठच्या मोजपट्टीवरचा पाण्याचा आकडा सांगायचा आणि आपण कुठे उभ्या आहोत ते सांगायचं. 'ठीक आहे' म्हणायला बंदी.

"का हो मावशी?" ताईंनी एकदा विचारलं.

"वॉर्डात जो पेशंट सारखा 'ठीक आहे, सिस्टर' म्हणायचा ना, त्याच्याकडेच मी आधी धावायचे," मावशी म्हणाल्या. "आकडा खोटं बोलत नाही गं पोरी."

मग तो दिवस आला. सकाळपासून नदी फुगत होती. दुपारी दोन वाजता पट्टीवर पाच मीटर चाळीस. आणखी साठ सेंटिमीटर आणि पाणी बांधाच्या माथ्याला. बांधाच्या आतल्या बाजूला घरं होती, अन् त्यातल्याच खालच्या गल्लीत टेलरकाकूंचं दुकान होतं. तिथे छोटी होती. त्याच घरांच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, ताईंनी एक ओला डाग पाहिला. जवळून पाहायला त्या उतार उतरून खाली गेल्या.

डागातून पाणी झिरपत होतं. झिरपणारं पाणी नितळ असेल तर फारसा घोर नसतो, पण गढूळ असेल तर बांध आतून पोखरला जातोय असं समजायचं. ताई दोन पावलं पुढे झाल्या, वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं. ते गढूळ होतं.

त्याच क्षणी खालची जमीन गेली.

उजवा गुडघ्यापर्यंत आत रुतला. मी एका दगडाच्या कडेवर कसाबसा टेकलो. ताईंनी ओढलं, पण चिखल सोडेना. उजव्याच्या तोंडातून पाणी आत शिरलं. मित्रांनो, बुटात पाणी शिरलं की तो बूट राहत नाही, त्याची बादली होते. आतल्या चिंध्या भिजून टम्म फुगल्या आणि ताईंचा पाय आत पाचरीसारखा अडकला. बांधातून येणारं पाणी भोवती साचून चढत होतं. माझ्या घोट्याला लागलं, मग पोटरीला. माझी तर पाचावर धारण बसली. उजव्याचा श्वास कोंडलेला मला कळत होता आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला.

"आकडा सांग," मावशी म्हणाल्या.

ताईंच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? मला वाटतं, साहेबांचं ते दाराआडचं बोलणंच आलं.

"ठीक आहे, मावशी."

"आकडा विचारला मी."

"ठीक आहे हो. जरा कामात आहे, मग करते." आणि त्यांनी फोन ठेवला.

मला ओरडावंसं वाटलं. पण बुटाला जीभ असून बोलता येत नाही, आणि गमबुटाला तर जीभही नसते. ताई एकट्याच ओढत होत्या, एकट्याच रडत होत्या. पाणी माझ्या काठाशी आलं, आणि मग माझ्याही आत आलं. ते बर्फासारखं गार होतं. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

इतक्यात बांधावर टेम्पोचा हॉर्न कर्कश वाजला.

"कुठे आहेस गं?" वहिनीचा आवाज. "मावशी, तिकडे बघा, खाली!"

'ठीक आहे' ऐकताच मावशी चपला न घालता घरातून निघाल्या होत्या. उतारावरून फळी सरकत आली, मागोमाग दोर आला आणि तो ताईंनी कमरेला बांधला. साठी गाठलेल्या मावशी तिच्यावर पालथ्या पडल्या आणि चिखलात हात घालून त्यांनी उजव्याच्या आत बोटं खुपसली. हाताला चिंध्या लागल्या. एकेक करून त्यांनी त्या उपसल्या. पिवळा तुकडा, त्यावर लाल चेरी. मावशींनी तो ताईंपुढे धरला.

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," ताई म्हणाल्या.

"वेडी कुठली! वहिनी, ओढ!"

वहिनीने दोर ओढला. पाय सुटला. ताई फळीवर आल्या, त्यांच्या पायात मीही आलो. उजवा आला नाही. चिखलाने त्याच्यावर तोंड मिटलं, एक बुडबुडा आला, आणि झालं.

ताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. एक पाय अनवाणी, तशाच त्यांनी कार्यालयाला फोन लावला. "पायथ्याशी गळती. पाणी गढूळ. वाळूची पोती पाठवा, आत्ता, आणि खालची गल्ली रिकामी करा." या वेळी आवाज लहान नव्हता. माणसं धावली, पोती पडली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला होता, पण बांध टिकला. छोटी टेलरकाकूंच्या कडेवर बसून उंचावरच्या शाळेत पोचली होती.

साहेब आले तेव्हा त्यांची नजर ताईंच्या अनवाणी पायावर गेली. पाय रक्ताळला होता.

"नऊ नंबर?" ताईंनी काढून ठेवलेल्या मला उचलून त्यांनी तळवा पाहिला. "अहो, आधी बोलायचं ना!"

"ती बोलली असती," मावशी म्हणाल्या, "तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

साहेबांनी खिशातली वही काढली आणि ताईंना पायाचं माप विचारलं. पुढच्या महिन्यात प्रत्येकीचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने माप घेतलं गेलं. पण उजवा काही परत यायचा नव्हता.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी टेलरकाकूंच्या दुकानामागच्या खोलीत, पाठराखणींच्या फोनशेजारी फळीवर असतो. कामावर नवी बाई आली की मावशी तिला आधी माझ्यात पाय घालायला लावतात आणि विचारतात, "कसं वाटतंय?" बऱ्याच जणी पहिल्यांदा म्हणतात, "ठीक आहे, मावशी." मग मावशी तिला पाय काढूच देत नाहीत. कुठे सैल, कुठे बोचतंय, ते मोठ्याने सांगितल्यावरच सुटका.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी धोक्याच्या कामावर जात असेल, तर 'कशी आहेस' विचारून थांबू नका. आकडा विचारा. बुटाचं माप विचारा. आणि 'ठीक आहे' ऐकलंत, तर चपला शोधत बसू नका.

नदी अजूनही फुगते. फोन वाजला की पलीकडून आकडा येईपर्यंत मी आजही घाबरून बसतो. परवा तर फारच घाबरलो, कारण कामावर नव्याने लागलेली मुलगी म्हणून दारातून छोटी आत आली.

मावशी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी मला फळीवरून काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने पाय घातला, बोटं हलवली.

"कसं वाटतंय?"

"खूप मोठा आहे," छोटी ठणकावून म्हणाली. "हा मला नको. माझ्या मापाचा द्या."

आजवर मला कुणी नको म्हटलं की वाईट वाटायचं. परवा मात्र मला रडू आलं ते आनंदाने.