स्वर्गातून आलेलं चुकीचं नाव

किनाऱ्यावरच्या केटा गावाच्या फुटबॉल मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. भोंग्यांतून पास्टर एलिकेम गरजत होता, "यायरा! धुरी दिलेले मासे विकणारी यायरा! कुठे आहेस, माये?"

यायरा उठली. तिने या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुझी सित्सोफे बारा वर्षांची. तिला फिट येतात. गणिताच्या स्पर्धेत सगळ्यांसमोर कोसळली, खरं की नाही? तुझा गेलेला मुलगा सेनम मला वरून सांगतोय, माझी बहीण बरी झाली! फेक त्या गोळ्या! देवाने हात ठेवल्यावर डॉक्टर काय, नाडी मोजत बसणार?"

मैदान हसलं, रडलं, नाचलं. सित्सोफेच्या वर्गशिक्षिका एन्योनामबाईंचेही डोळे भरून आले. यायराने गोळ्यांची बाटली खाडीत भिरकावली.

सतराव्या दिवशी सकाळी सित्सोफेला फिट आली ती थांबलीच नाही. दवाखाना गाठेपर्यंत पोर गेली होती.

बाई भेटायला गेल्या, तेव्हा यायरा मुलीचा गणवेश मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "माझ्या मुलाचं नाव सेन्यो होतं, बाई. तो पास्टर सेनम म्हणाला. मला वाटलं, वर गेल्यावर नाव बदलत असेल."

बाईंनाही त्याचं नाव सेनमच वाटत होतं. त्यांनी फोन काढून सोशल मीडियावरचं शाळेचं पान उघडलं. स्पर्धेचा फोटो होता. खाली त्यांनीच लिहिलेलं: सित्सोफे, वय बारा, सगळ्यांसमोर फिट येऊन कोसळली, तरी पहिली. आई यायरा मासे विकते. दिवंगत भाऊ सेनम.

त्यांनी ते यायराला वाचून दाखवलं.

"तुम्ही लिहिलंत?"

"कौतुकाने लिहिलं गं."

"कौतुक घरी येऊन करायचं होतं, बाई."

सोमवारी बाईंनी पालकांना शाळेत बोलावलं आणि तो मजकूर सगळ्यांपुढे वाचला. भोंग्यावरची एकेक माहिती त्यात होती, सेनम या चुकीच्या नावासकट.

"देवाशी बोलतोय म्हणे!" एक म्हातारा कोळी थुंकला. "मेला फोन वाचत होता!" मग बाईंकडे वळला. "आणि आमच्या घरचं सगळं त्याच्या पानात तुम्ही वाढलंत?"

"हो," बाई म्हणाल्या. "मी वाढलं."

पास्टर तोवर पुढच्या गावी पोचला होता. बाईंनी तिथल्या शाळेला फोन केला, पोलिसांत लेखी तक्रार दिली. मुलांची नावं, आजार, घरची माहिती शाळेच्या पानावरून पुसली. मग मुलांना वर्गात बसवलं, यायरालाही बोलावलं.

"पोरांनो, फोन वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणाचंही काही टाकण्याआधी त्याला विचारा. मी सित्सोफेला विचारलं नव्हतं. आणि कुणी तुमच्या घरातलं गुपित सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा, तुला हे कुठून कळलं? गोळ्या थांबवायच्या, तर डॉक्टरांना विचारा."

मागच्या बाकावरून यायरा उठली.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारा."